माजलेला वेल

वैद्यकी शिकायला आलेल्या एका तरुणाच्या हाती एकदा एका वृद्ध वैद्यांनी ग्रंथाऐवजी खुरपे दिले.

"हे कशाला, गुरुजी?" तरुणाने विचारले.

"मागे परस आहे. एक हंगाम तो सांभाळ. नाडीचं नंतर बघू."

तरुणाचे नाव गदाधर. वैद्यांचे घर गावाबाहेर, ओढ्याच्या काठी होते. पुढच्या ओसरीवर ते रोगी तपासत. बाजूच्या दोन खोल्यांत लांबून आलेले रोगी राहत. मागे विहिरीला लागून परसबाग होती आणि रोग्यांचे पथ्याचे जेवण तिच्यातल्या भाजीवर चाले. म्हणजे परस हा औषधशाळेचाच भाग होता. गदाधरला मात्र तसे वाटले नाही. आपल्याला माळी केले, एवढेच त्याच्या मनात आले. तरीही तो काही न बोलता कामाला लागला, कारण गुरूचा शब्द मोडण्याचे धैर्य त्याच्यात नव्हते.

त्याच्या स्वभावात एक धास्ती होती. ती उगाच आलेली नव्हती. तो पोरसवदा असताना त्याचा धाकटा भाऊ तापाने गेला. "दोन दिवस वाट बघू, उतरेल ताप," असे वडील म्हणाले होते. शेवटी त्यांच्या गावच्या वैद्यांना बोलावले, तेव्हा त्यांनी मुलाचा हात हातात धरला, खाली ठेवला आणि म्हणाले, "उशीर झाला." ते दोन शब्द गदाधरच्या काळजात काट्यासारखे रुतले. पुन्हा कोणाच्या बाबतीत उशीर होऊ द्यायचा नाही, या एका ध्यासाने तो वैद्यकीकडे वळला होता.

परसातही तो ध्यास त्याच्याबरोबर गेला. माघात पेरलेली मेथी दाट, हिरवीगार उगवली तेव्हा तो दोन दिवस हरखून गेला. मग वांग्याच्या रोपांचे शेंडे माना टाकू लागले, कारण आत अळी शिरली होती. चवळीच्या कोवळ्या टोकांवर काळा मावा बसला. गदाधरने त्यावर राख टाकली. सकाळी टाकली, दुपारी टाकली, संध्याकाळी पुन्हा टाकली. चवळी अखेर वाळली. पण ती माव्याने वाळली की राखेने, हे कोणालाच सांगता आले नसते. मिरचीच्या दोन रोपांची पाने आकसली, तेव्हा त्याला जेवण गेले नाही. गुरुजींनी ती दोन रोपे उपटून जाळली. बाकीच्या रोपांना पुढे भरपूर मिरच्या लागल्या, पण त्या मिरच्या बघून आनंद व्हावा इतकी त्याच्या मनाला उसंत नव्हती. तोवर मुळ्याचे काय होणार, ही काळजी सुरू झालेली असे.

फाल्गुन सरता सरता तांब्यापितळेच्या भांड्यांचा एक व्यापारी आपल्या आईला गाडीत निजवून घेऊन आला. चिमाबाई तिचे नाव. दीर्घ तापाने तिचे शरीर पार खंगले होते. उशीवर डोके ठेवले तर उशीला खळगासुद्धा पडत नव्हता. गुरुजींनी तिला तपासले आणि व्यापाऱ्याला म्हणाले, "ताप गेला आहे. अग्नी मंद झाला आहे, तो हळूहळू पेटेल. काढा सकाळ-संध्याकाळ, घोटभरच. मुगाचं कढण, मऊ भात. परसात दोडक्याचे वेल आहेत; ते धरले की बिनतिखटाची भाजी देऊ."

व्यापारी उतावळ्या स्वभावाचा माणूस होता. आईवर त्याचे अपार प्रेम होते आणि ते प्रेम त्याला एका जागी बसू देत नव्हते. त्याने गदाधरला विहिरीपाशी गाठले.

"छोटे वैद्य, तो दोडका कधी धरणार?"

गदाधरने मांडवाकडे पाहिले. दोन वेल नुकतेच वर चढले होते. "आठ दिवसांत," तो बोलून गेला.

त्या दिवसापासून त्याने दोन्ही वेलांचा पिच्छा पुरवला. बुडाशी शेणखताच्या पाट्या रिकाम्या केल्या, पेंड भिजवून तिचे पाणी घातले, सकाळी कळशा ओतल्या आणि संध्याकाळीही ओतल्या. वेल तरारले. पाने ताटलीएवढी झाली, मांडव दिसेनासा झाला. व्यापारी येऊन बघे आणि म्हणे, "वा, वा! आता काय, आलाच दोडका!" रोज संध्याकाळी पिवळ्या फुलांचे झुबके उमलत आणि सकाळी मांडवाखाली त्यांचा सडा पडे. गदाधर एकेक फूल उलटून पाही. मागे बोटाएवढे दोडके असलेले फूल त्याला एकही सापडेना. आठ दिवस गेले. व्यापाऱ्याने विचारणे सोडले आणि नुसता बघू लागला. ते गदाधरला अधिक जड गेले.

एके सकाळी गुरुजी मागे आले. मांडवाखाली उभे राहून त्यांनी वर पाहिले.

"वेल माजलाय," ते म्हणाले.

मग त्यांनी दोन्ही वेलांचे वाढते शेंडे नखाने खुडले. जोमाने पुढे धावणारे ते कोवळे, लवदार शेंडे त्यांनी बाजूला टाकले आणि हात धुतले. "आजपासून पाणी बंद. मी सांगेन तेव्हा घालायचं."

गदाधरचा चेहरा पांढरा पडला. "गुरुजी, चैत्राचं ऊन आहे! मरतील ते!"

"मरणार नाहीत. लक्ष ठेव," एवढे बोलून ते आत गेले.

गदाधर त्या खुडलेल्या शेंड्यांकडे बघत उभा राहिला. फळ नाही म्हणून वेलाचा शेंडा मोडायचा? तहानलेल्याचे पाणी तोडायचे? म्हातारपणाने गुरुजींची बुद्धी थकली की काय, असा विचारही त्याच्या मनाला चाटून गेला. मग त्या विचाराचीच त्याला लाज वाटली.

इकडे चिमाबाई कढणाची वाटी तोंडाशी नेली की मान फिरवू लागली. व्यापारी गदाधरच्या मागे लागला. "दोनदा घोटभर काढा! एवढ्याने काय होणार? आई दिवसेंदिवस वाळत चालली आहे. नुसतं बघत बसायचं का आपण?"

हे शब्द वर्मी लागले. काढा पाजण्याचे काम गदाधरकडेच होते; त्याने तो दुपारचाही सुरू केला. दुसऱ्या दिवशी तो जास्त आटवला. पुढे दुपारचे दोन झाले. आणि गुरुजी वामकुक्षी करत तेव्हा तो विहिरीवर जाऊन वेलांना दोन-दोन कळशा घालून येऊ लागला. चोरून करत असला, तरी त्यात त्याला पापासारखे काही वाटत नव्हते. उलट कळशी रिती झाली की छातीवरचे ओझे घटकाभर उतरे. मग ते पुन्हा चढे.

असे काही दिवस गेले आणि एका सकाळी दोनांपैकी एक वेल मलूल होऊन लोंबू लागला. बुडाची माती तर ओलीचिंब होती. गदाधरने खोड जरा ओढले, तो ते सरळ हातात आले. बूड तपकिरी पडून कुजले होते आणि त्याला आंबूस वास येत होता.

तो वेल हातात धरून तो उभा आहे, तोच खोलीकडून व्यापाऱ्याची हाक आली. "वैद्यराज! लवकर या! आई बघा कशी करतेय!"

चिमाबाईला कडू पाण्याची उलटी झाली होती. हातपाय गार पडले होते, डोळे खोल गेले होते. गुरुजींनी बसून नाडी पाहिली. बराच वेळ पाहिली. मग मान वर न करता विचारले, "काढा किती वेळा दिला?"

गदाधर गप्प राहिला असता, तर कदाचित कोणाला काही कळलेही नसते.

"चार वेळा, गुरुजी," तो म्हणाला. "दुपारचा मी वाढवला. आटवूनही दिला. आणि... वेलालाही पाणी घालत होतो."

व्यापाऱ्याने मान खाली घातली. "मीच त्यांच्या मागे लागलो होतो," तो पुटपुटला.

गुरुजी रागावले नाहीत. ते उठले, फडताळातले काढ्याचे भांडे घेतले आणि अंगणात नेऊन उपडे केले. ते पाहताच व्यापाऱ्याचा तोल सुटला. "औषधच ओतून टाकता? मग माझी आई जगायची कशावर? मी आत्ता गाडी जोडतो, शहरात नेतो तिला!"

"जोडून ठेवा," गुरुजी शांतपणे म्हणाले. "गरज पडली तर मीही तुमच्याबरोबर शहरातल्या दवाखान्यात येईन. पण आज या शरीराला धक्के सोसणार नाहीत, ना गाडीचे ना औषधाचे. साळीच्या लाह्यांचं पाणी, चिमूटभर मीठ, थोडी साखर. चमचा-चमचा. बाकी काही नाही." मग ते गदाधरकडे वळले. "तू इथं बसायचंस. दुसरं काही करायचं नाही. लघवी झाली नाही, भान हरपू लागलं, श्वास बदलला, तर मला हाक मार. मी ओसरीवरच आहे. आणि संध्याकाळी मला सांगायचं, काय काय दिसलं."

गदाधर बसला. त्याच्या आयुष्यातला तो सर्वांत लांब दिवस होता.

चमचाभर पाणी पाजायचे आणि थांबायचे. हात रिकामे झाले की त्यांना काहीतरी करावेसे वाटे. फडताळात हिंगाची पूड होती, सुंठ होती, मात्रा होत्या. नजर सारखी तिकडे जाई. चिमाबाईचा एक श्वास जरा लांबला की त्याच्या कानात जुने दोन शब्द घुमत. कितीदा तरी तो अर्धवट उठला आणि पुन्हा बसला. अखेरीस हातांना काम नाही, तर डोळ्यांना तरी द्यावे, म्हणून तो नीट पाहू लागला.

आणि मग त्याला हळूहळू दिसू लागले. तिच्या ओठांना मधोमध चीर पडली होती, म्हणून चमचा मध्ये लावला की ती आक्रसे. कडेने पाणी सोडले तर सहज गिळे. गळ्याजवळची शीर बारीक पण एकसारखी उडत होती. कपाळावर घाम नव्हता. आणि पितळी वाटी जवळ आणली की घोट घेण्याआधीच तिच्या नाकपुड्या आखडत. गदाधरने ती वाटी स्वतःच्या नाकाशी नेली. तिला काढ्याचा कडवट वास येत होता. इतके दिवस याच वाटीतून काढा दिला होता आणि याच वाटीतून कढणही! म्हातारी अन्नाला कंटाळली नव्हती, ती त्या वासाला मान फिरवत होती. त्याने मातीचे नवे बोळके आणून त्यात लाह्यांचे पाणी ओतले. चिमाबाईने पाणी घेतले आणि मान फिरवली नाही.

दुपार कलताना तिने डोळे उघडले.

"कोण रे?"

"मी गदाधर, आजी."

"हात किती हलतात रे तुझे. सांडशील माझ्या अंगावर."

गदाधरने चमचा खाली ठेवला. "भीती वाटते, आजी."

"मलापण वाटते," चिमाबाई म्हणाली. थोडा दम घेऊन पुढे बोलली, "माझा मुलगा दहादा येतो, कसं वाटतं विचारतो आन् जातो. तू येतोस, पाजतोस आन् जातोस. आज कोणीतरी बसलं बघ." एवढे बोलून तिने डोळे मिटले. थोड्या वेळाने तिला लघवीला झाले. ते कळल्यावर व्यापारी ओसरीच्या खांबाला टेकून लहान मुलासारखा रडला.

संध्याकाळी गदाधरने गुरुजींना सगळे सांगितले. ओठाची चीर, गळ्याची शीर, पितळी वाटी, काहीही गाळले नाही. गुरुजी डोळे मिटून ऐकत होते. सांगून झाल्यावर तो तसाच बसून राहिला.

"अजून काही आहे?" त्यांनी विचारले.

"गुरुजी, माझा धाकटा भाऊ तापाने गेला, तेव्हा वैद्यांना बोलावण्याआधी वडिलांनीही दोन दिवस वाटच पाहिली होती. आज मीही तेच केलं. मग ते का चुकले?"

गुरुजींनी डोळे उघडले.

"ते चुकले की नाही, मला ठाऊक नाही," ते म्हणाले. "वैद्य लवकर आले असते तरी कदाचित तेच झालं असतं. तुला खोटा धीर देणार नाही. पण एक विचारतो. त्या दोन दिवसांत त्याच्याजवळ कोण बसलं होतं?"

गदाधरने आठवून पाहिले. वडील शेतावर गेले होते. आई चुलीपाशी होती, कारण घरात पाहुणे होते. तो स्वतः ओढ्यावर खेळत होता.

"कोणीच नाही," तो म्हणाला.

"वडिलांना दोष देऊ नकोस. कधी कधी पाहवत नाही म्हणूनही माणूस कामाला निघून जातो. पण आपल्या भाषेने शब्द किती नेमका दिला आहे बघ. वाट नुसती थांबून सरत नाही, गदाधर. ती *पाहावी* लागते. पाठ फिरवून थांबणं ही हयगय आहे. न पाहता करत सुटणं ही घाई आहे. दिसायला दोन्ही वेगळी, पण दोहोंतही रोग्याकडे कोणाची नजर नसते." मागच्या परसाकडे बोट करून ते पुढे म्हणाले, "वेलाला उदंड मिळालं की तो पानंच वाढवत बसतो. शेंडा खुडला की बाजूला फुटवे येतात आणि धरणाऱ्या कळ्या बहुतेक त्या फुटव्यांवर असतात. हे मी तुला तेव्हाच समजावून सांगायला हवं होतं, ते माझं चुकलं. पण पाणी घालण्याआधी मातीत एकदा तरी बोट खुपसून बघितलंस? ओल आहे की नाही?"

"नाही, गुरुजी."

"मग तू ते पाणी वेलाला घालत नव्हतास. तुझ्या भीतीला घालत होतास. आणि भीतीची तहान कितीही कळशा ओतल्या तरी भागत नाही. काढाही तिलाच पाजलास. भोगलं मात्र त्या माउलीनं."

गदाधरने मान खाली घातली. त्याच्या डोळ्यांतून पाणी गळू लागले. गुरुजींनी ते गळू दिले.

चिमाबाई एकदम बरी झाली नाही. एक दिवस चांगला जाई, दुसऱ्या दिवशी पुन्हा ग्लानी येई, आणि व्यापाऱ्याचा जीव टांगणीला लागे. पण तो आता आईच्या उशाशी बसू लागला होता. एका सकाळी तिने भाताची वाटी दूर सारली आणि मुलावर डाफरली, "अरे, हे बेचव पुळकवणी किती दिवस खायचं? मिरचीचा ठेचा नाही का या घरात?" ठेचा अर्थातच मिळाला नाही; पण त्या डाफरण्याने घरात जणू सण उगवला.

मांडवावरच्या उरलेल्या वेलाला बाजूने फुटवे आले. पहिल्या कळ्या पिवळ्या पडून गळाल्या तेव्हा गदाधर कळशी घेऊन धावला. त्याने मातीत बोट घातले. आत ओल होती. तो कळशी तशीच ठेवून परत आला. पुढच्या कळ्या टिकल्या. दोडके हाताएवढे झाले तोवर चिमाबाई भिंतीला धरून ओसरीपर्यंत येऊ लागली होती. गदाधरने मोठ्या अपूर्वाईने भाजीचे ताट तिच्यापुढे ठेवले.

"दोडका?" तिने तोंड वाकडे केले. "मला नाही आवडत रे दोडका. लहानपणापासून." मग त्याच्या चेहऱ्याकडे बघून ती हसली. "आण इकडे. तुझा आहे म्हणून खाते."

मायलेकरे आपल्या गावी गेली, त्यानंतर वैशाखातली गोष्ट. एक तरुण सून आपल्या सासऱ्यांना बैलगाडीतून घेऊन आली. म्हातारा धापा टाकत होता. गुरुजींनी ओसरीवरून एकदा रोग्याकडे पाहिले, एकदा गदाधरकडे पाहिले आणि स्वतःचे आसन त्याच्यासाठी रिकामे करून मागे भिंतीशी जाऊन बसले.

"बरे होतील ना हो मामंजी? कधी बरे होतील?" सुनेने विचारले. तिचा आवाज कापत होता. एखादा दिलासा, एखादा ठरावीक दिवस, काहीतरी तिच्या हाती द्यावे, म्हणून शब्द गदाधरच्या जिभेपर्यंत आले.

ते त्याने गिळले. म्हाताऱ्याचा हात आपल्या हातात घेतला.

"ताई, आज सांगता येणार नाही," तो म्हणाला. "तुम्ही बसा. मीही इथंच बसतो. आधी मला नीट पाहू द्या."